गोंदावर तोललेले पंख

१९४४ च्या नोव्हेंबरात भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून विमान अपघातांच्या बातम्या लागोपाठ येऊ लागल्या. शत्रूची गोळी न लागताच 'मॉस्किटो' जातीची विमाने पडत होती. पंखाची वरची कातडी आतल्या मुख्य तुळईपासून सुटत असावी, असा तर्क निघाला. ताशी सहाशे किलोमीटरहून अधिक वेग गाठणारे हे लढाऊ विमान लाकडाचे होते, त्यामुळे पहिला संशय गोंदावर गेला. दुधातल्या केसीनपासून केलेला हा गोंद इंग्लंडच्या थंड हवेत ठीक आहे, पण आपल्याकडचे ऊन आणि पाऊस त्याला सोसत नाही, असे बोलले जाऊ लागले.

मॉस्किटो बनवणाऱ्या कंपनीकडून मेजर हेरवर्ड डी हॅविलँड पथक घेऊन भारतात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी अहवाल दिला: गोंद नासलेला नाही, पावसाळी हवेत लाकडी सांगाडा आकसल्यामुळे हे घडले. पण नंतरच्या चौकशीने बोट कारखान्याकडे वळवले. इंग्लंडमधल्याच विमानांची तपासणी झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या प्रकारच्या मॉस्किटोंत तसेच दोष निघाले, आणि त्यांतल्या एकाही विमानाने ना आपला पावसाळा पाहिला होता ना वाळवी. कातडी आणि तुळई यांचे जोडच मुळात नीट बसलेले नव्हते. उपाय साधा निघाला. तुळईच्या रेषेवर पंखभर प्लायवुडची एक पट्टी चिकटवायची आणि जोड वरून झाकून टाकायचा.

विमानविद्येच्या इतिहासात हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. लाकडाचा दोष नव्हता, हवेचाही बहुतेक नव्हता. दोष होता तो जोड लावणाऱ्या हाताचा आणि तो तपासणाऱ्या डोळ्याचा. पुढे जगभर हजारो माणसांनी घराच्या पडवीत, गॅरेजात, गोठ्यात विमाने बांधली. त्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न होता: गोंद वाळल्यावर जोडाच्या आत काय आहे ते दिसत नाही, मग त्याच्या भरवशावर उडायचे कसे?

मॉस्किटोचे धड कसे केले होते ते पाहण्यासारखे आहे. बर्च लाकडाच्या पातळ प्लायवुडचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये बाल्सा हे अत्यंत हलके लाकूड. साच्यावर धडाचे डावे आणि उजवे असे दोन अर्धे भाग वेगवेगळे चिकटवून घ्यायचे, ते उघडे असतानाच आतल्या तारा आणि नळ्या बसवायच्या, मग दोन्ही भाग मधोमध जोडायचे. युद्धात अॅल्युमिनियमची ओढाताण होती, फर्निचरवाले सुतार मात्र रिकामे होते. अशी सात हजारांहून अधिक विमाने तयार झाली.

हलक्या गाभ्याला दोन कडक कातड्या का लावायच्या, हे खान्देशातल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये. ज्वारीचे ताट हातात घेऊन पाहावे. बाहेर काचेसारखी गुळगुळीत, चिवट साल आणि आत पांढरा, बोटाने दाबला तर दबणारा गाभा. नुसता गाभा फुंकरीने उडेल, नुसती साल चिमटीत चेपेल, पण दोन्ही एकत्र असतात तेव्हा माणसाहून उंच ताट डोक्यावर कणसाचे ओझे घेऊन वाऱ्यात उभे राहते. विमानाच्या पंखातही हेच घडते. पंख वर वाकू लागला की वरची कातडी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधला गाभा दोघींना एकमेकींवरून सरकू देत नाही. दोन कातड्यांमधले अंतर दुप्पट केले की वाकण्याला होणारा विरोध जवळजवळ चौपट होतो, वजन मात्र गाभ्यापुरतेच वाढते. पण गाभा आणि साल यांची गाठ सुटली की सगळेच संपले. ताटात ती गाठ निसर्ग घालतो, विमानात ती गोंदाने घालावी लागते.

युद्धाच्या काही वर्षे आधीच फ्रान्समधल्या आंरी मिन्ये या माणसाने घरच्या घरी विमान बांधण्याचे वेड युरोपभर पसरवले होते. १९३३ मध्ये त्याचे 'उडती पिसू' हे छोटे विमान उडाले. प्लायवुडची पेटी हेच त्याचे धड, आणि पंख दोन, एक पुढे आणि एक मागे. पुढच्या वर्षी त्याने ते बांधण्याची सगळी माहिती पुस्तकात छापली. खोके ठोकता येणाऱ्या कोणालाही विमान बांधता येईल, हा त्याचा विश्वास. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये माणसे खरोखरच कामाला लागली. मग विमाने सूर मारून जमिनीवर आदळू लागली. १९३६ मध्ये वायुबोगद्यात पूर्ण आकाराचे विमान ठेवून चाचण्या झाल्या तेव्हा कारण कळले. नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की पुढच्या पंखावरून येणारी हवा मागच्या पंखाला आणखी वर उचलते. मग दांडी कितीही ओढली तरी नाक वर येत नाही. प्लायवुड आणि गोंद शाबूत होते, चूक आराखड्यात होती. मिन्येबद्दल मला आदर वाटतो, पण त्याच्या पुस्तकावर भरवसा ठेवून गेलेल्या माणसांचाही हिशेब इतिहासाने ठेवला पाहिजे.

मराठीत घरगुती विमानाचा विषय निघाला की १८९५ ची मुंबईची चौपाटी आणि शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येतेच. तळपद्यांनी तिथे विमान उडवले असे सांगितले जाते, पण त्या उड्डाणाचा समकालीन, पडताळता येईल असा पुरावा हाती नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा आधार दिला जातो, त्यातली विमाने उडू शकत नाहीत असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये हिशेब मांडून दाखवले. तळपद्यांच्या जिज्ञासेला मान द्यावा आणि त्यांच्यापुढे जावे. ज्यांनी खरोखर लाकूड तासले, गोंद लावला आणि त्यात बसून उडाले, त्यांची नावे आपल्याला कमी ठाऊक असतात, याचे मला जास्त वाईट वाटते.

अशांपैकी एक नाव एस. रामामृतम यांचे. दिल्लीत नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात त्यांनी ग्लायडर आखले. १९५८ मध्ये 'अश्विनी' उडाले, १९६१ मध्ये 'रोहिणी'. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत. लाकडी सांगाडा, गरज तिथे प्लायवुडची कातडी, बाकी कापड. शंभराहून अधिक रोहिणी बांधली गेली आणि देशातल्या ग्लायडिंग क्लबांत, एनसीसीत मुले तिच्यावर शिकली. लाकडी विमान आपल्या हवेत टिकते का, या १९४४ च्या प्रश्नाला एका सरकारी कार्यशाळेने दिलेले हे उत्तर होते. त्याचा गाजावाजा झाला नाही.

आता फोमकडे. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत सुरू केली. तिथला कायदाही अनुकूल. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केले असेल तर त्याला वेगळ्या वर्गात परवानगी मिळते. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात केन रँड आणि स्टुअर्ट रॉबिन्सन या दोघांनी केआर-१ हे विमान उडवले. धडाच्या बाजू प्लायवुडच्या, पंखाची तुळई लाकडाची, इंजिन फोक्सवॅगन मोटारीचे. पंखाचा आणि धडाच्या वरच्या भागाचा आकार मात्र फोम घासून काढलेला आणि त्यावर राळेत भिजवलेले कापड. जुन्या सुतारकामाची आणि नव्या रसायनाची ही सोयरीक होती. भार लाकूड पेलत होते, फोम मुख्यतः आकार देत होता.

कॅलिफोर्नियातच विमानांचे आराखडे करणाऱ्या बर्ट रुटानने पुढच्या तीन वर्षांत लाकूड जवळजवळ काढूनच टाकले. गंमत म्हणजे त्याचे आधीचे 'व्हॅरिव्हिगन' हे विमान मुख्यतः प्लायवुडचेच होते. २१ मे १९७५ रोजी मोहावीच्या वाळवंटात उडालेल्या 'व्हॅरिईझ'मध्ये फोम केवळ आकारापुरता राहिला नाही. तो गाभा झाला, काचतंतूंचे कापड साल झाले आणि इपॉक्सी राळ ही दोघांची गाठ. त्याच उन्हाळ्यात पोबेरेझ्नींच्या संघटनेच्या ऑशकॉशच्या मेळाव्यात त्याचा भाऊ डिक याने या विमानातून बंद वर्तुळात २,६०० किलोमीटरहून जास्त अंतर कापून आपल्या वजनगटात विक्रम केला. मग आराखड्यांसाठी लोकांची रीघ लागली.

रुटानची खरी कमाल त्याच्या पद्धतीत आहे, म्हणून ती जवळून पाहू. कारखान्यात असे पंख करायचे तर आधी साचा लागतो, आणि साचा विमानापेक्षा महाग. रुटानने साचाच रद्द केला. फोमचा ठोकळा घ्यायचा. हा आपल्या ओळखीच्या थर्माकोलचाच भाऊबंद, पण दाणे नसलेला, घट्ट विणीचा. एक घनमीटर फोमचे वजन बत्तीसेक किलो भरते, तेवढ्याच पाण्याचे हजार किलो. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराच्या फळ्या ठोकायच्या. धनुकलीसारखी ताणलेली तार विजेने तापवायची आणि दोन माणसांनी दोन टोकांना धरून फळ्यांच्या कडेवरून ओढत न्यायची. पंख टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून दोघांना सारख्या वेगाने जाऊन चालत नाही. फळ्यांच्या कडेवर आकडे लिहिलेले असतात. एकजण आकडा पुकारतो, दुसरा त्याच वेळी आपल्या बाजूच्या त्याच आकड्यावर तार आणतो. घाई केली तर तार मध्ये मागे राहते आणि पंखाच्या पोटात खळगा पडतो. रेंगाळले तर फोम जास्त वितळतो. चांगले जमले की ठोकळ्यातून अख्खा पंख सुटून येतो.

पुढे राळेत काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची पूड कालवून त्याचा पातळ लेप फोमवर द्यायचा. फोमच्या उघड्या भोकांत नुसती राळ शिरली तर वजन वाढते, लेपाने ते वाचते आणि पकडही चांगली येते. त्यावर काचतंतूंचे कापड, धागे आडवेतिडवे पडतील अशा बेताने, थरावर थर. रबरी पट्टीने जादा राळ ओढून काढायची. कापड पुरते भिजले की पारदर्शक होते, आणि कुठे पांढरट ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली आहे हे डोळ्यांना लगेच दिसते. मॉस्किटोच्या तपासनिसांना हे भाग्य नव्हते. राळ रबरासारखी झाली की कडा सुरीने कापायच्या, दगडासारखी झाल्यावर करवत. सगळे घट्ट झाल्यावर नाण्याने पृष्ठभागावर टिचक्या मारत जायचे. पकड असेल तिथे टणक आवाज येतो, साल सुटली असेल तिथे बद्द. डोळा पोचत नाही तिथे कान पोचतो. असा पंख बांधणारा माणूस त्याच्या इंच न् इंचाला हात लावून आलेला असतो. कारखान्यातल्या विमानाबद्दल कुठल्या वैमानिकाला हे म्हणता येईल?

पथ्येही कडक होती. हा फोम पेट्रोलमध्ये विरघळून जातो, म्हणून इंधनाच्या टाकीजवळ दुसऱ्या जातीचा फोम. त्या दुसऱ्याला तापलेली तार लावायची नाही, विषारी धूर निघतो. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते, म्हणून विमान पांढरेच रंगवायचे. काळा किंवा गडद रंग उन्हात इतका तापतो की पंखाची ताकद उतरते. आणि आराखड्यात स्वतःची अक्कल घालायची नाही, हे रुटान बजावून सांगे. मिन्येप्रमाणेच त्यानेही एक पंख पुढे आणि एक मागे ठेवला होता, पण त्याचा पुढचा पंख छोटा होता आणि वायुगतिशास्त्राचा हिशेब पक्का होता. वेग फार कमी झाला तर पुढचा पंख आधी हार मानतो, नाक आपोआप खाली येते आणि मोठा पंख उचल धरून राहतो. चाळीस वर्षांपूर्वी जी मांडणी जीव घेत होती, तीच आता जीव वाचवू लागली. १९७९ मध्ये याच घराण्यातले 'लाँग-ईझी' आले. १९८५ मध्ये रुटानने आराखडे विकणे बंद केले, आणि १९८६ च्या डिसेंबरात त्याचेच 'व्हॉयेजर' वाटेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारून आले.

लाँग-ईझी भारतात आले ते कुणाच्या गॅरेजात नव्हे, बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत. भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक रुस्तम दमानिया यांच्या पुढाकाराने तिथे लाँग-ईझीवर आधारलेले एक हलके विमान तयार झाले आणि फेब्रुवारी १९८७ मध्ये उडाले. संशोधकांना त्यातून काचतंतू आणि राळेचे काम हाताने कळले. पुढे त्याच प्रयोगशाळेने 'हंसा' हे संपूर्ण काँपोझिट, म्हणजे तंतू आणि राळेचे, प्रशिक्षण विमान केले. हंसा-२ नोव्हेंबर १९९३ मध्ये उडाले आणि हंसा-३ ला २००० मध्ये प्रमाणपत्र मिळाले. दमानिया २००१ मध्ये गेले. संरक्षण संशोधन संस्थेने या छोट्या विमानाच्या आराखड्यावरून वैमानिकरहित विमान केले, त्याला त्यांचे नाव दिले: 'रुस्तम'. नोव्हेंबर २००९ मध्ये होसूरजवळ पहिल्या उड्डाणात ते उतरताना पडले, ऑक्टोबर २०१० मध्ये नीट उडून नीट उतरले. कॅलिफोर्नियातल्या हौशी माणसांसाठी आखलेले विमान आपल्याकडे सैन्याच्या कामाच्या विमानाचे मूळपुरुष ठरले.

पण घर कुठे राहिले? सगळा प्रवास प्रयोगशाळेतून प्रयोगशाळेत झाला. घरी विमान बांधणारा माणूस मराठी मुलखात दिसला तो मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, पाच मजली इमारतीच्या गच्चीवर. कॅप्टन अमोल यादव अमेरिकेत विमान चालवायला शिकले, तिथे घरी विमाने बांधणारी माणसे असतात हे त्यांना कळले, आणि १९९८ मध्ये त्यांनी पहिला प्रयत्न केला. तो फसला. दुसराही फसला. २००९ मध्ये तिसरे विमान हाती घेतले, सहा आसनांचे. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगचे यंत्र आणि १८० किलोचे परदेशी इंजिन अरुंद जिन्याने गच्चीवर चढवले गेले. हे विमान फोमचे नाही, प्लायवुडचेही नाही, धातूचे आहे. तरीही या इतिहासात त्याची जागा आहे, कारण भारतात घरगुती विमानाची वाट कुठे अडते ते याच विमानाने दाखवून दिले. सामान मिळत होते, हात तयार होते. अडत होते ते कागद. हौशी विमानांबद्दलचे नियम मधल्या काळात मागे घेतले गेले आणि पुन्हा आणावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनासाठी विमान सुटे करून गच्चीवरून क्रेनने उतरवले गेले आणि लोकांनी ते पाहिले. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. उडण्याची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये आली.

आणि उडायचे कुठे, तर धुळ्याला. गोंदूरच्या धावपट्टीवरून ऑगस्ट २०२० मध्ये ते उडाले. शेजारचे नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत याच धुळे जिल्ह्यात होते. यादवांचा पहिला प्रयत्न आणि नंदुरबार जिल्ह्याचा जन्म एकाच वर्षीचा. नंदुरबारकरांच्या इतक्या जवळ मराठी माणसाच्या हातचे विमान आकाशात गेले, पण करोनाच्या त्या दिवसांत ते पाहायला कुणी येऊ शकले नाही, याची मला हळहळ वाटते. एरवी साक्री, शहादा, तळोद्याहून गाड्या भरून माणसे आली असती.

सातपुड्याच्या पायथ्याशी उद्या कुणी असे विमान बांधायला घेतलेच, तर ते फोमचे असावे असे मला मनापासून वाटते. धातूच्या विमानाला लागणारी यंत्रे नकोत, फोमला एक तार, एक वजनकाटा, कात्री आणि चार धीराची माणसे पुरतात. नंदुरबारच्या आयटीआयमधल्या मुलांना हे काम सहज जमेल. मात्र मे महिन्याचे तिथले ऊन लक्षात घेऊन राळ निवडावी लागेल. थंड देशात जे मिश्रण तासभर हाताळता येते ते इथे दुपारी डब्यातच तापून घट्ट होईल, म्हणून पंखाला कापड लावायचे काम पहाटे. पावसाळ्यात ओलसर हवेने इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो, तो न धुता पुढचा थर दिला तर पकड जाते, म्हणून जून ते सप्टेंबर ते काम बंद ठेवून सांधे, चाके, दोऱ्या, इंजिन. रंग पांढरा. आणि प्रत्येक थर लावला की त्याच राळेचा, त्याच कापडाचा एक तुकडा तारीख टाकून बाजूला ठेवायचा आणि पुरता घट्ट झाल्यावर तो मोडून पाहायचा. १९४४ च्या कारखान्यात प्रत्येक जोडाची अशी परीक्षा झाली असती, तर हेरवर्ड डी हॅविलँड यांना भारतात यावे लागले नसते.